मुक्त गोठ्याला सावली हवी आहे: रेन ट्री लावावं का?

माळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

करवीर तालुक्यात आमची शेती आहे. खालच्या काळ्या रानात ऊस आणि वर मुरमाड माळ. त्या माळावर मुक्तसंचार गोठा केलाय. म्हशी जास्त, थोड्या एचएफ (होल्स्टीन) गायी. तारेच्या कंपाउंडात जनावरं मोकळी, मधे गव्हाण, एका कडेला पत्र्याचं शेड. पावसाळ्यात आणि थंडीत काही तक्रार नसते. शिमगा झाला की हाल सुरू होतात. पत्रा तापतो, शेडखाली वाफ आणि बाहेर ऊन. म्हशी पाण्याच्या हौदाला चिकटून उभ्या राहतात, वैरण खाणं निम्म्यावर येतं आणि संध्याकाळच्या धारेला ते लगेच दिसतं. हिरवी जाळी बांधून बघितली, पण वळवाच्या वाऱ्यात ती टिकत नाही.

म्हणून झाडं लावायचं ठरवलंय. वडील म्हणतात कडुनिंब लावा. माझ्या डोळ्यापुढे रेन ट्री आहे. कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्काच्या बाजूला जुन्या बंगल्यांच्या आवारात मोठी झाडं आहेत, त्यांच्याखाली मे महिन्यातही उभं राहवतं. लवकर वाढतं असंही ऐकलंय. पण विचारायला गेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. मुळं भिंती फोडतात, फांद्या पडतात, परदेशी झाड आहे, शेंगा जनावरांना बाधतात, शेंगा जनावरांना फार चांगल्या. यातलं खरं काय? शेडपासून किती लांब लावायचं? आणि उसाच्या बांधावर लावलं तर चालेल का? ज्यांनी झाड जवळून बघितलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पानवाटा

चांगला प्रश्न आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

रेन ट्री, म्हणजे आपण ज्याला वर्षावृक्ष किंवा पर्जन्यवृक्ष म्हणतो, तो मूळचा मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. शास्त्रीय नाव समानिया समान. काही पुस्तकांत अल्बिझिया समान असंही सापडेल, झाड तेच. आपल्या शिरीषाचा हा जवळचा नातेवाईक, शेंगांच्या कुळातला. एकोणिसाव्या शतकात श्रीलंका आणि भारतात आणला गेला आणि पुढे सगळ्या उष्ण प्रदेशांत रस्त्याकडेला, बागांमध्ये आणि मळ्यांमध्ये सावलीसाठी लावला गेला. कोको, कॉफी, व्हॅनिला, जायफळ यांच्या मळ्यांना वरून सावली देणारं झाड म्हणूनही त्याला मागणी होती.

वाढीबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. बरी जमीन आणि पाणी असेल तर सुरुवातीच्या वर्षांत वर्षाला तीन ते पाच फूट उंची सहज धरतं. पूर्ण वाढलेलं झाड ५० ते ८० फूट उंच होतं, पण त्याची खरी ताकद रुंदीत आहे. मोकळ्या जागेवर मुकुटाचा व्यास साधारण १०० फुटांपर्यंत जातो, म्हणजे झाड उंच कमी आणि रुंद जास्त. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा निसर्गअभ्यासक १८०० साली व्हेनेझुएलात फिरत असताना त्यानं ग्वेरे इथलं एक प्रचंड समान झाड मोजलं होतं. त्याच्या मुकुटाचा घेर ५७६ फूट भरला. हा आकडा मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं पटांगणात जाऊन पावलांनी मोजायची.

आता पानांबद्दल, कारण तुमच्या गोठ्यासाठी तेच महत्त्वाचं. पान संयुक्त असतं, बारीक पर्णिकांचं. प्रत्येक पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. त्या गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यापाठोपाठ पाणी दुसऱ्या बाजूला जातं, एक बाजू फुगते, दुसरी सैल पडते आणि पान मिटतं. रूथ सॅटर या संशोधिकेनं १९७०च्या दशकात याच झाडाच्या गाठींवर बारकाईनं काम केलं. संध्याकाळी पानं मिटतात, आभाळ दाटून आलं तरी मिटतात. दुपारच्या कडक उन्हात मात्र पूर्ण उघडी असतात. म्हणजे सावली हवी तेव्हा दाट आणि पाऊस पडताना वाट मोकळी. पाऊस थेट खाली उतरतो. शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. म्हणून या झाडाखाली गवत मरत नाही, उलट बाहेरच्यापेक्षा हिरवं दिसतं. वडाखाली किंवा आंब्याखाली असं होत नाही.

झाडातून पाऊस पडतो अशी जी समजूत आहे तिचं मूळ बहुधा रस शोषणाऱ्या किड्यांत आहे. असे किडे फांद्यांवर बसले की खाली बारीक थेंबांची फवार पडत राहते. ज्यानं ती अंगावर घेतली आहे त्याला पाऊस आठवणारच.

एक गोष्ट आधीच सांगते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पानगळ होते. पाणी मिळणारं झाड फार उघडं पडत नाही आणि एप्रिलपर्यंत पुन्हा भरतं. पण मुरमाड माळावर, पाणी नसताना, मार्चमध्ये काही दिवस सावली विरळ होईल. त्याचा हिशोब धरा.

---

दूधगंगाकाठ

मॅडमनी शास्त्र सांगितलं, मी जनावराचं सांगतो.

आमच्या वाडीत शाळंच्या पटांगणात दोन जुनी झाडं हाईत. उन्हाळा तोंडावर आला की शेंगा पडाय लागत्यात. काळपट तपकिरी, वीतभर लांब, जाड, मोडली की आत चिकाट गर. वास गुळाच्या काकवीकडं झुकणारा. पोरं चोखत्यात, आम्हीबी चोखल्याती. शेळ्या तर पहाटं दावं सोडलं की थेट तिकडं. बैल गाडीला जुपलेला असला तरी झाडाखाली आला की मान खाली घालतोय.

आता टायमिंग बघा. साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं की वाडं, म्हंजी उसाचं हिरवं शेंडं, संपतंय. कडबा महाग. हिरवी वैरण पाण्याअभावी न्हाई. नेमक्या त्या दिवसांत ही शेंग पडती. आम्ही पोती भरून वाळवून ठेवतो आन् मिरगापातूर थोडी थोडी गव्हाणीत टाकतो. म्हस आवडीनं खाती. पेंडीचा खर्च जरा हलका हुतोय.

फकस्त एक हाय, वल्ली शेंग पोत्यात भरून ठिवायची न्हाई. बुरशी धरती. चांगली खडखडीत वाळवायची.

---

पशुवैद्य_हातकणंगले

वरच्या प्रतिसादाशी सहमत, थोडी भर घालतो.

या शेंगांमध्ये साखर भरपूर असते आणि कच्ची प्रथिनं साधारण १२ ते १८ टक्के. मक्याच्या भरड्यापेक्षा हे जास्तच आहे. त्यामुळे खुराकाचा एक भाग म्हणून शेंगा चांगल्या, पण पूर्ण खुराक म्हणून नाही. साखर जास्त असल्यामुळे उपाशी जनावरानं एकदम ढीग खाल्ला तर पोट बिघडतं, पोटात आम्ल वाढून ॲसिडोसिस होतो. थोड्यापासून सुरुवात करा, आठवडाभरात वाढवा, बरोबर कडबा किंवा सुकी वैरण असू द्या. गाभण जनावराला जपून. दावणीला शेंगा देणं आणि झाडाखाली मोकळं सोडणं यात फरक आहे. मुक्त गोठ्यात झाडाखाली पडेल तितकं जनावर खाणार. म्हणून पडीच्या दिवसांत रोज सकाळी झाडून शेंगा गोळा करा आणि मोजून द्या.

बिया टणक असतात, न चावलेल्या बिया शेणातून तशाच बाहेर येतात. प्रथिनांचा मोठा वाटा बियांत असतो, म्हणून वाळलेल्या शेंगा भरडून दिल्या तर अंगी लागतात. गावच्या गिरणीत भरडू नका, गर चिकटून गिरणीचा दगड बुजतो. कुट्टी मशीनवर किंवा हातोडीनं ठेचून भागतं. साल आणि बियांत पिथेकोलोबिन नावाचं अल्कलॉइड असतं, त्यामुळे नुसत्या बिया वेगळ्या काढून खायला घालायचा उद्योग कोणी करू नये.

आणि सावलीविषयी. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामग्रंथी गाईपेक्षा कमी. ती ऊन शोषते आणि घामानं अंग थंड करू शकत नाही. एचएफ तर थंड देशातली. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सावली म्हणजे निव्वळ दूध आहे. पत्र्याखालची सावली आणि झाडाखालची सावली एक नव्हे. पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो. पानं पाणी बाहेर टाकतात आणि स्वतः तापत नाहीत. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी आणणाऱ्या जुन्या गवळ्यांना विचारा, ते दुपारी म्हैस कुठं बांधायची हे पाण्याच्या आधी बघतात.

---

देशीझाडं

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

आपल्याकडे शिरीष आहे, करंज आहे, कडुनिंब, जांभूळ, वड, उंबर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून दक्षिण अमेरिकेतलं झाड कशासाठी? उंबराला फळ आलं की किती पक्षी येतात ते बघा. आपल्या किड्यांना, पाखरांना हजारो वर्षं सवय आहे ती आपल्या झाडांची. फिजीसारख्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर रेन ट्री गुरांच्या शेणातून पसरून उपद्रवी ठरलेला आहे. सुबाभळीचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. एके काळी चाऱ्याचं झाड म्हणून घरोघरी वाटली, आता माळरानं आणि ओढ्याकाठ तिनं भरले आहेत. वर तिच्या पाल्यात मिमोसिन, जास्त खाल्लं की जनावराचे केस गळतात.

माझा सल्ला: करंज लावा. नत्र धरतो, दाट सावली देतो, शेळ्या-म्हशी त्याचा पाला खात नाहीत त्यामुळे रोप वाचतं.

---

पानवाटा

तुमची कळकळ पटते आणि जंगलात, देवराईत, डोंगरउतारावर कोणी रेन ट्री लावणार असेल तर मीही विरोध करीन. राधानगरी, दाजीपूरच्या बाजूला तर अजिबात नको. पण प्रश्न गोठ्याचा आहे.

शिरीष उत्तम झाड. मात्र जानेवारीपासून त्याची पानं गळतात आणि वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजत राहतात. ऐन तापायला लागतं तेव्हा ते उघडं असतं, पालवी एप्रिलकडे. कडुनिंब पाडव्याच्या सुमारास कोवळा असतो, नंतर छान सावली, पण इतकी रुंद सावली व्हायला बराच काळ. करंजाबद्दल तुमचं सगळं बरोबर आहे, वाढ मध्यम. मी असं म्हणेन की दोन्ही लावा. रेन ट्री थोडे, पुरेसं अंतर ठेवून. मधल्या आणि कडेच्या जागी करंज, कडुनिंब, एखादं उंबर.

बाकी पाखरांबद्दल, परदेशी असला तरी रेन ट्री ओसाड नसतो. गुलाबी-पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग आणि मधमाश्या येतात. आडव्या रुंद फांद्यांवर बगळे आणि पाणकावळे वसाहत करतात. महाराष्ट्रात अनेक शहरांत त्यांची घरटी याच झाडांवर आहेत. फांद्यांच्या खाचांत नेचे, बांडगुळं, कुठं कुठं आमरीही (ऑर्किड) सापडते. थायलंडमध्ये लाखेच्या किड्याला पोसायला हेच झाड वापरतात. आपल्याकडे त्यासाठी पळस, कुसुम आणि बोर.

---

नागाळापार्ककर

धाग्याचा विषय गोठ्याचा आहे, पण माझा प्रश्न याच झाडाचा आहे म्हणून इथेच विचारते. चालत नसेल तर वेगळा धागा काढते.

आमच्या अपार्टमेंटच्या कंपाउंडमध्ये जुना रेन ट्री आहे. मूळ बंगल्याच्या काळातला, त्यामुळे वय पन्नासच्या पुढेच असणार. इमारत झाली तेव्हा बुंध्याभोवती थेट खोडापर्यंत पेव्हिंग ब्लॉक घातले गेले. गेल्या काही वर्षांत ब्लॉक उचकटले, गाड्या लावायला अडचण होते. वरून विजेच्या तारांसाठी रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या दर वर्षी तोडल्या जातात, सोसायटीकडच्या तशाच राहतात. आता झाड आमच्याकडे झुकल्यासारखं दिसतं. बैठकीत झाड काढूनच टाका असं ठरत आलंय. मला ते वाचवायचं आहे. आमचे मजले उन्हाळ्यात राहण्याजोगे आहेत ते या झाडामुळे. काय करता येईल?

---

हिरवळ_करवीर

ताई, धागा इथेच असू द्या, माळावरचा यांच्याही कामाचं आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता हेरिटेज ट्री धरलं जातं आणि ते तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावायची अट आहे. सोसायटीच्या बैठकीत हे शांतपणे वाचून दाखवा. महापालिकेच्या उद्यान विभागाला वयाचा अंदाज काढण्यासाठी लेखी अर्ज द्या.

दुसरी गोष्ट झाडाची. पेव्हिंग ब्लॉक काढा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. तुमच्याकडे तर याहून जास्त जागा मोकळी करायला हवी. या झाडाची मुळं वरच्या थरात आडवी पसरतात. पाणी आणि हवा मिळेना की ती ब्लॉकच्या फटींतून वर येतात. जागा मोकळी करून माती, पालापाचोळा घातला की उचकटणं कमी होतं. गाड्या बुंध्यापासून लांब लावायची सवय करा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, छाटणी. एका बाजूनं तोडत राहिलं की तोल जातो आणि मग झाड धोकादायक झालं म्हणून तेच तोडायचं कारण बनतं. हे मी कोल्हापुरात पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दर वेळी मनाला लागतं. झाडाची चूक काडीची नसते. तुमच्या बाजूच्या जड आडव्या फांद्या जाणकाराकडून थोड्या हलक्या करून घ्या, पावसाळ्याच्या आधी, परवानगी घेऊन. सरसकट शेंडा मारू देऊ नका. शेंडा मारला की तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पहिल्या वादळात तेच तुटतात.

फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसतोय का तेही बघा. मुंबईत २०१०च्या दशकात पिठ्या ढेकणानं शेकडो रेन ट्री वाळून गेले. आधीच काँक्रीटनं कोंडलेल्या झाडांवर कीड लवकर बसते. वेळीच दिसली तर पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क यांनी आटोक्यात ठेवता येते.

---

नागाळापार्ककर

खूप आभार. पांढरा थर नाही, उद्याच नीट बघते. अर्जाचं काम या आठवड्यात करते. बैठकीत काय होतं ते इथे कळवीन.

---

रंधा

मी सुतारकाम करतो, उद्यमनगरच्या बाजूला. लाकडाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे वर्षानुवर्षं रेन ट्रीला कोणी विचारत नव्हतं. वखारीत ते जळणाच्या ढिगात जायचं, नाही तर पॅकिंगच्या पेट्यांना. सागवानाशी तुलना करून लोक नाक मुरडायचे. आता चित्र बदललंय. हॉटेलवाले आणि बंगलेवाले अख्ख्या फळीचं टेबल मागतात, कडेची साल काढून नैसर्गिक वळण तसंच ठेवलेलं. एवढी रुंद फळी देणारं झाड आपल्याकडे दुसरं स्वस्तात मिळत नाही.

चिरल्यावर बाहेरचा भाग पिवळसर पांढरा, गाभा चॉकलेटी, त्यात काळसर रेघा. पॉलिश मारल्यावर रंग असा उघडतो की गिऱ्हाईक हात फिरवतच राहतं. वजनाला हलकं ते मध्यम. वाळताना फार आकसत नाही, फाटत नाही. म्हणूनच थायलंड आणि हवाई बेटांवर त्याच्या वाट्या, ताटं, परातीसारखी भांडी ओल्या लाकडातच कोरतात. हवाईत याला मंकीपॉड म्हणतात.

आता अडचणी. रेषा गुंतलेल्या असतात, एकदा इकडे एकदा तिकडे. रंधा मारताना उलट रेष आली की तुकडा उपटून येतो. पातं अगदी धारदार आणि कट बारीक ठेवावा लागतो, शेवटचा हात पॉलिश पेपरनंच. चिरताना उडणारी धूळ नाका-डोळ्यात झोंबते, मास्क लावल्याशिवाय काम करू नये. बाहेरचा पांढरा भाग घुण लागणारा आहे, तो काढून टाका किंवा औषध मारून घ्या. गाभा टिकतो. दारं-चौकटींना मी वापरत नाही, टेबल, बाक, पाट, परात यांना जरूर.

माळावरचा, एक सांगतो. लाकूड विकायच्या हिशोबानं झाड लावू नका. सावलीसाठी मोकळं वाढलेलं झाड खालूनच फांद्या फोडतं, सरळ ओंडका थोडाच मिळतो. सावली आणि शेंगा हेच उत्पन्न धरा. लाकूड पुढच्या पिढीला.

---

माळावरचा

एवढं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता दोन मुद्दे राहिले. अंतर किती आणि कुठल्या दिशेला? आणि उसाच्या बांधाचं कोणीच काही बोललं नाही. आमचा चुलत भाऊ बांधावर ओळीनं लावायच्या मागे आहे.

---

दूधगंगाकाठ

बांधावर अजिबात नको. उसाला ऊन लागतंय. सावलीत ऊस बारीक ऱ्हातो, वजन धरत न्हाई, रिकव्हरीबी (साखरेचा उतारा) जाती. एक झाड मोठं झालं की आपल्या रानात आन् शेजाऱ्याच्या रानात मिळून चार-पाच गुंठं सावली. बांधावरनं आधीच कमी भांडणं हाईत का? बांधाला गिरिपुष्प लावा, छाटून पाला सरीत गाडा, खत हुतंय.

---

रोपवाला

रोपवाटिका चालवतो, त्यामुळे हे माझं रोजचं काम.

दिशा. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो. म्हणून दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून आणि किंचित वायव्येकडून येतं. मार्च-एप्रिलला पश्चिमेकडून आणि थोडं नैर्ऋत्येकडून. दक्षिणेला झाड लावून मे महिन्यात उपयोग नाही. गव्हाण आणि हौद जिथे आहे त्याच्या पश्चिमेला झाड हवं, म्हणजे दोन ते पाच या वेळात सावली नेमकी जनावरांवर येते.

अंतर. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडूनच येतो. पश्चिमेचं झाड शेडला लागून असेल तर तुटलेली फांदी पत्र्यावर येणार. पत्र्याच्या शेडपासून, विहिरीपासून आणि घरापासून किमान ५० फूट. सावली शेडवर नाही, मोकळ्या आवारावर पाडायची आहे हे धरून चाला. दोन रेन ट्रींमध्येही ५० फुटांपेक्षा कमी नको. अर्ध्या एकराच्या गोठ्याला दोन, फार तर तीन झाडं पुरे. बाकी जागा करंज-कडुनिंबाला.

बी की रोप? बी स्वस्त आणि सोपं, फक्त कवच टणक आहे. पाणी उकळून गॅस बंद करायचा, बिया टाकायच्या आणि तशाच दिवस-रात्र भिजू द्यायच्या. फुगलेल्या बिया पिशवीत लावा, न फुगलेल्यांचं टोक नेलकटरनं किंचित छाटून पुन्हा भिजवा. आठवडाभरात कोंब दिसतो. घाई असेल तर दोन-अडीच फुटांचं रोप घ्या. त्याहून मोठं रोप पिशवीत मुळं गुंडाळून बसलेलं असतं, माळावर नीट धरत नाही.

खड्डा. मुरमाड जमिनीत दोन नको, तीन बाय तीन बाय तीन फूट काढा. खाली पालापाचोळा, मग काळी माती आणि कुजलेलं शेणखत. शेणाची तुम्हाला कमी नाही, पण ताजं शेण घालू नका, हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

राखण. हाच भाग लोक विसरतात. मुक्त गोठ्यात म्हैस रोपाला अंग घासते आणि शेळी शेंडा खाते. पहिली तीन-चार वर्षं पक्कं कुंपण हवं, बुंध्यापासून चार फूट लांब. बाभळीच्या फांद्या टाकून भागणार नाही, लोखंडी अँगल आणि जाळी लावा. पुढेही बुंध्याभोवती जनावरं सतत उभी राहिली तर माती तुडवून दगडासारखी होते आणि मुळं गुदमरतात. तिथं दगडांचं गोल कडं करून आत जनावर जाणार नाही एवढं कायम ठेवा.

छाटणी. पहिल्या वर्षापासून खालच्या बाजूच्या फांद्या काढत राहा, करंगळीएवढ्या असतानाच. दहा-बारा फुटांपर्यंत सरळ खोड करून मग मुकुट पसरू द्या. दोन सारख्या जाडीचे शेंडे फुटले तर एक लगेच काढा. मोठेपणी झाड दुभंगतं ते याच बेचक्यात. खालून ट्रॅक्टर आणि शेणाची ट्रॉली जाते हे डोक्यात ठेवून उंची ठरवा.

पाणी पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, ठिबकनं किंवा मडक्यानं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून झाड स्वतःचं बघतं. एका म्हशीला उभं राहता येईल एवढी सावली चौथ्या-पाचव्या वर्षी.

---

देशीझाडं

दोन-तीन रेन ट्री आणि बाकी देशी झाडं, असा आराखडा असेल तर माझी हरकत नाही. एक विनंती. गोठ्याबाहेर ओढ्याकडे किंवा गायरानात शेणातून उगवलेली रोपं दिसली तर उपटा. शेणखत चांगलं कुजवून मगच रानात टाका. आणि एक उंबर नक्की लावा, हौदाच्या सांडपाण्यावर तो आपोआप वाढेल.

---

पशुवैद्य_हातकणंगले

झाडं मोठी होईपर्यंतच्या चार-पाच उन्हाळ्यांचं काय? पत्र्यावर उसाचा पाला किंवा कडब्याचा जाड थर अंथरा आणि दोरीनं जखडून टाका, पत्र्याच्या खाली बराच फरक पडतो. दुपारी बारा आणि तीन वाजता म्हशींच्या अंगावर पाणी मारा. वैरणीचा मोठा भाग पहाटे आणि रात्री द्या. गारव्यात जनावर खातं.

---

माळावरचा

घरी सगळा धागा वाचून दाखवला. वडील उंबराच्या नावानं खूश झाले, आज्जी म्हणाली उंबराखाली दत्ताची पावलं बसवू.

असं ठरलंय: गव्हाणीच्या पश्चिमेला दोन रेन ट्री, शेडपासून साठ फुटांवर, दोघांत साठ फूट. उत्तरेच्या कंपाउंडला करंज सहा. पूर्वेला वडिलांचे कडुनिंब. हौदाच्या पाटाला उंबर. उसाच्या बांधावर काही नाही, चुलत भावाला दूधगंगाकाठ यांचा प्रतिसाद वाचायला दिला आणि तो गिरिपुष्पाला तयार झाला. शेडवर पाचट टाकायचं काम उद्यापासून.

रोपवाला दादा, रोपं तुमच्याकडूनच घेईन. रेन ट्रीची दोन रोपं जास्तीची ठेवा, एखादं मेलं तर बदलायला.

---

दूधगंगाकाठ

शेंगा पायजे असतील तर आत्ता पडायल्यात. एक पोतं बाजूला काढून ठिवतो. आधी म्हशी खात्यात का बघा, मग झाड लावा.

---

रोपवाला

रोपं ठेवतो. खड्डे मात्र आत्ताच, एप्रिल संपायच्या आत काढा आणि महिनाभर उन्हात तापू द्या. मुरूम कठीण लागला तर पाणी सोडून रात्रभर मुरू द्या, सकाळी पहार चालते. दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की रोपं न्यायला या, त्याआधी नको.